जमा की नावे?

साताऱ्याच्या शनिवार पेठेत पुस्तपालनाचे एक निवृत्त शिक्षक राहत. कनिष्ठ महाविद्यालयात 31 वर्षं त्यांनी पोरांना जमाखर्च शिकवला. पेठेतले निम्मे दुकानदार त्यांच्याच हाताखालून गेलेले, म्हणून सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणत. अकरावीच्या पहिल्या तासाला सर फळ्यावर एकच ओळ लिहायचे : घेणाऱ्याचं खातं नावे, देणाऱ्याचं खातं जमा. मग खडू खाली ठेवून म्हणायचे, “व्यवहार कसलाही असो, आधी घेणारा कोण आणि देणारा कोण ते ओळखा. पुढची नुसती बेरीज-वजाबाकी.”

सरांना नव्याचं वावडं नव्हतं. 2016 साली यूपीआय आलं आणि थोड्याच दिवसांत ते दुधाचं बिलसुद्धा फोनवरून द्यायला लागले. दुकानोदुकानी दिसणारा क्यूआर कोड 1994 साली जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीनं मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला काढला, त्याच्या तीन कोपऱ्यांतल्या ठळक चौकोनांवरून कॅमेऱ्याला कोड नेमका कुठे आहे ते कळतं, हे सगळं ते कट्ट्यावर रंगवून सांगत.

रोज सकाळी नऊच्या सुमाराला दारात भाजीची गाडी येई. गाडीच्या दांडीला असाच एक चौकोन सुतळीनं बांधलेला होता. पावसाच्या पाण्यानं त्याच्या लॅमिनेशनचा एक कोपरा फुगला होता, वर मेथीची माती उडाली होती. टोमॅटोच्या क्रेटवर बोलका डबा. भाजीवाल्या मावशींना सहीपुरतं लिहिता येई. बाकी हिशेब तोंडी.

एकदा सरांनी वडिलांच्या वेळचं शिसवी कपाट विकायला काढलं. मोबाइलवर जाहिरात टाकून तास झाला नाही तोच फोन आला. माणूस मोठा अदबशीर. “सर, मी फौजेत आहे. बदली झालीय. कपाट पसंत आहे, दुपारी टेम्पो पाठवतो.” किंमत होती 12,000 रुपये. त्यानं एक रुपया कमी करायला सांगितलं नाही. वर म्हणाला, “तुमची खात्री पटावी म्हणून आधी 10 रुपये पाठवतो.” दहा रुपये खरोखरच आले. पाठोपाठ व्हॉट्सॲपवर क्यूआर कोडचं चित्र आलं. “एवढं स्कॅन करा, पिन टाका, की सगळी रक्कम तुमच्या खात्यात जमा!”

‘जमा’ या शब्दावर सरांचा जन्मभर विश्वास. पण व्हॉट्सॲपवर आलेलं चित्र त्याच फोननं स्कॅन कसं करायचं, ते काही जमेना. इतक्यात बाहेर हाळी आली. सर फोन कानाला लावूनच फाटकाशी गेले.

“मावशी, तुम्हाला या चौकोनाची सवय. तुमच्या फोनवर हे चित्र धरता का? मी माझ्या फोननं स्कॅन करतो. बारा हजार यायचेत मला.”

मावशी गवार निवडत होत्या. हात तसाच थांबला.

“यायच्यात? मग तुमी कशाला स्कॅन करताय?”

“त्याशिवाय पैसे कसे येतील? पिन टाकायचाय.”

“सर, मला त्यातलं लई कळत न्हाई. पर ही पाटी चार वरसं झाली हितं लटकतीया. दिसभर पैसं येत्यात. माझा फोन घरी पोराकडं असला तरी येत्यात. पैसं घ्यायला मी आजवर एकदाबी पिन दाबला न्हाई. दाबतं ते गिऱ्हाईक.” मग जरा थांबून म्हणाल्या, “आन् दोन जुड्या घेताना माणूस पाच रुपयं सोडा म्हनतंय. ह्यो कपाट न बघताच बारा हजार देतोय?”

फोनमधून आवाज आला, “सर, लवकर करा, टेम्पो निघालाय.”

सरांनी काही न बोलता फोन बंद केला. चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि ते चित्र पुन्हा उघडलं. मघाशी त्यांनी 12,000 हा आकडा तेवढा वाचला होता. आकड्याच्या वर बारीक अक्षरांत लिहिलं होतं : पैसे देण्यासाठी स्कॅन करा.

गवार पाव किलो, मेथीची एक जुडी. चाळीस रुपये झाले. सरांनी सुतळीवरचा चौकोन स्कॅन केला, रक्कम घातली, आणि पिनचे आकडे एकेक करून दाबले. प्रत्येक आकड्याला बोट क्षणभर थबकत होतं. क्रेटवरचा डबा बोलला, “चाळीस रुपये प्राप्त झाले.” मावशींचे दोन्ही हात गवारीत होते.

“पिन मी दाबला, पैसे तुमच्याकडे आले,” सर स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाले. “देणारा मी, घेणाऱ्या तुम्ही. 31 वर्षं मी दुसरं काय शिकवलं?”

“तुमचंच शिकवणं म्हना,” मावशी हसल्या. “माझा थोरला तुमच्याच वर्गात हुता. घरी येऊन हेच घोकत बसायचा. ऐकून ऐकून माझंबी पाठ झालं.”

त्या दिवशी सरांनी कॅलेंडरशेजारी दोन गोष्टी लिहून ठेवल्या. एक, सायबर फसवणूक झाली तर लगेच फोन करायचा तो नंबर : 1930. आणि त्याखाली, फळ्यावर लिहायचे तशाच टपोऱ्या अक्षरांत : घ्यायला पिन लागत नाही.

कपाट पुढे पेठेतल्याच एका सुतारानं नेलं. दारं तीनदा उघडून-लावून पाहिली, तासभर घासाघीस केली आणि दीड हजार कमी करून घेतले. सरांना त्या घासाघिशीचं फार बरं वाटलं.

तात्पर्य : नियम पाठ असून भागत नाही. व्यवहार नवं सोंग घेऊन दारात आला, तरी त्यात देणारा कोण आणि घेणारा कोण, हे ओळखता आलं पाहिजे.