‘नको’ म्हणण्याची जबाबदारी

शिक्षकाच्या तोंडी दिवसभरात सर्वांत जास्त वेळा कोणता शब्द येतो असे कुणी विचारले, तर आमचे उत्तर तयार आहे : ‘नको’. पळू नको, भिंतीवर चढू नको, विहिरीकडे जाऊ नको. हा शब्द उच्चारताना आम्हाला कधीच जड वाटले नाही. ‘हो’ म्हटले आणि काही बरेवाईट झाले तर लोक जाब विचारतात. ‘नको’ म्हटल्यावर काही घडतच नाही, मग जाब कोण विचारणार? नकाराला जबाबदारी नसते, अशी आमची वर्षानुवर्षांची समजूत होती. ती एका भाचीने मोडली.

अकरा सप्टेंबर २००१ च्या घटनेनंतर, २००२ साली, अमेरिकेच्या सरकारने मुस्लिम लोकसंख्या लक्षणीय असलेल्या देशांतील शाळकरी मुलांसाठी एक योजना सुरू केली. केनेडी-लुगर यूथ एक्स्चेंज अँड स्टडी असे तिचे लांबलचक नाव. मुले तिला ‘यस’ म्हणतात. निवड झालेला विद्यार्थी एक शैक्षणिक वर्ष तिकडच्या कुटुंबात राहतो, तिकडच्या शाळेत जातो. भारतातूनही मुले-मुली गेली. ज्या ए. एफ. एस. या संस्थेचे नाव अशा देवाणघेवाणीत नेहमी येते, तिचे मूळ १९१५ सालच्या रुग्णवाहिका पथकात आहे. पहिल्या महायुद्धात जखमींना उचलून नेणाऱ्या अमेरिकी स्वयंसेवकांचे ते पथक. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४७ पासून, त्यांनी मुलांना एकमेकांच्या देशांत पाठवायला सुरुवात केली. या योजनेत मुलाला घरात ठेवून घेणाऱ्या कुटुंबाला मोबदला मिळत नाही. म्हणजे एक आई आपले मूल अनोळखी आईच्या ओटीत घालते आणि ती अनोळखी आई ते फुकट सांभाळते. आपल्या भाषेत याला अमानत म्हणतात.

काही वर्षांपूर्वी आमच्या मामेबहिणीची मुलगी अशीच गेली. आपा आणि दूल्हाभाई हिंगोलीतच राहतात. मुलगी मात्र शिकायला मोठ्या शहरात होती. तिला अमेरिकेच्या पश्चिमेकडील ओरेगन राज्यात एक घर मिळाले. महिनाभरात तिकडच्या बाईंचा निरोप आला. रविवारी सगळे डोंगरातल्या एका नदीकाठाने चालत जाणार, वाटेत मुले पाण्यात उतरणार. तुमच्या मुलीला पाण्यात जाऊ द्यायचे का? आपा फोन घेऊन आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, “तू मास्तर आहेस. शिकलेला आहेस. काय कळवू ते तूच सांग.”

आम्ही अर्धा मिनिटही विचार केला नाही. म्हणालो, “नको. काठावर बसू दे.”

त्या रात्री भाचीचा फोन आला. सगळे पाण्यात होते आणि ती दिवसभर सगळ्यांचे बूट आणि टॉवेल सांभाळत बसली होती. तक्रारीचा सूर नव्हता. शेवटी तिने विचारले, “मामू, तुम्ही ‘नको’ म्हणालात ते मला वाचवायला, की उद्या कुणी तुम्हाला बोल लावू नये म्हणून?”

आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण झोप लागली नाही. कारण खरे उत्तर दुसरे होते, आणि त्याच्याही मागे एक जुनी गोष्ट होती.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला, तेव्हा आम्ही शाळकरी होतो. त्याच पावसाळ्यात आमच्या वर्गातला एक मुलगा कयाधूच्या डोहात गेला. आमची कयाधू ही काही बारमाही वाहणारी नदी नाही. उन्हाळ्यात तिच्या पात्रातून चालत जाता येते. पावसाळ्यात मात्र ती एका रात्रीत रूप पालटते. काठावर चार-पाच जण उभे होते आणि कुणालाही पोहता येत नव्हते. दोरी टाकावी, लांब काठी पुढे करावी, एवढेही कुणाला सुचले नाही. त्यांत आम्हीही होतो. शेवटी भोई वाड्यातला एक म्हातारा धावत आला, त्याने बुडी मारून त्याला वर काढले. पण उशीर झाला होता.

मोहल्ल्याने त्या मृत्यूपासून एकच धडा घेतला : आजपासून नदी बंद. कुणाच्याही मनात आले नाही की मूल नदीमुळे जेवढे गेले तेवढेच आपल्या अडाणीपणामुळे गेले. बंदीने काय झाले? मुलगे चोरून जातच राहिले, आणि चोरून जायचे म्हणून जिथे मोठी माणसे नसतील अशाच जागी जाऊ लागले. मुली गेल्या नाहीत, म्हणून त्या शिकल्याही नाहीत. आणि आम्ही, ज्यांनी आपल्या डोळ्यांनी तो प्रकार पाहिला होता, पस्तिशीला पोचलो तरी पाण्यात दोन हात मारू शकत नव्हतो.

ही केवळ आमच्या मोहल्ल्याची कथा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात जगभर सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. त्यांतली बहुतेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली होती. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी वाचकांना आठवत असेल. इंडोनेशियातील आचे हा मुसलमानांचाच प्रांत. ऑक्सफॅम या संस्थेने तिथल्या काही गावांची पाहणी केली, तेव्हा वाचलेल्यांमध्ये पुरुषांची संख्या बायकांच्या जवळपास तिप्पट निघाली. बायका घरात होत्या, कडेवर लेकरे होती, ही कारणे होतीच. पण आणखी एक कारण असे होते की मुलांना पोहायला आणि झाडावर चढायला शिकवले जाते, मुलींना नाही. आचेच्या त्या आयांनी आणि बापांनीही मुलींना ‘नको’ मायेनेच म्हटले असेल. त्या मायेचा हिशेब लाटेने केला.

आता भाचीकडे वळू. ती गप्प बसणारी नव्हती. काही दिवसांनी तिने पुन्हा परवानगी मागितली, पण या वेळी नदीची नव्हे. गावातल्या बंदिस्त तलावात बायकांच्या वेळेत, अंगभर पोशाखात, आधी पोहायला शिकू का, असे तिने विचारले. यात नकार देण्यासारखे काय होते? आपांनी हो म्हटले. मुलगी हिवाळाभर शिकली. परतण्याच्या काही दिवस आधी पुन्हा तोच नदीकाठ ठरला, तेव्हा तिकडच्या बाईंनी पुन्हा विचारले, आणि या वेळी आपांनी आम्हाला न विचारताच उत्तर दिले.

तो दिवस तिने आम्हाला इतक्यांदा सांगितला आहे की आम्हीच तिथे होतो असे वाटते. निघण्यापूर्वी हवामान पाहिले. कुठे जाणार आणि कधी परतणार हे शेजाऱ्याला लिहून दिले. चढणीची वाट, उंच सरळ झाडे, खाली बर्फ वितळून आलेले गारठवणारे पाणी. मग सर्वांनी तरंगती जाकिटे घातली. एका ठिकाणी दगडांवर पाय देत पलीकडे जायचे होते. तिथे तिचा पाय शेवाळावरून घसरला आणि ती प्रवाहात गेली. तिला शिकवलेले आठवले : उभे राहायची धडपड करायची नाही, कारण दगडांच्या सांदीत पाय अडकला तर प्रवाह माणसाला दाबून धरतो. पाठीवर पडायचे, पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवायचे, पाणी संथ झाले की तिरके हात मारत काठ गाठायचा. तिने तेच केले. “तुमच्या शाळेचं मैदान आहे ना मामू, तेवढं अंतर वाहत गेले,” ती म्हणाली. “भीती वाटली, पण भीतीत काय करायचं ते ठाऊक होतं.”

हे वाक्य आम्ही मनात जपून ठेवले आहे. कयाधूच्या काठावर त्या दिवशी आम्हालाही भीती वाटली होती. काय करायचे ते मात्र ठाऊक नव्हते.

उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून, असे एकाने पैगंबरांना (स.) विचारले, तेव्हा आधी बांध आणि मग भरवसा ठेव, असे उत्तर मिळाले. ही हदीस आपण मुलांना नेहमी सांगतो. पण उंट बांधणे म्हणजे उंट घराबाहेर काढूच नये, असा अर्थ आपण कधी करून घेतला? जो प्रवासाला निघाला आहे, त्याच्यासाठीच दोरी असते. मुलांना पोहणे शिकवा, असा सल्ला हजरत उमर (रजि.) यांच्या नावाने सांगितला जातो, तोही वाळवंटातल्या लोकांत.

यावर आमचे एक सहकारी म्हणाले, “तुमच्या भाचीची नदी अमेरिकेची. जाकीट त्यांचे, तलाव त्यांचा, दवाखाना त्यांचा. आपल्याकडे काय आहे?” हा आक्षेप खोटा नाही. गरिबाला एक चूकसुद्धा परवडत नाही, म्हणून गरिबाची भीती ही अनेकदा शहाणपणच असते. तिकडच्या धाडसामागे तजवीज असते आणि ती दिसत नाही. आपण फक्त पाण्यात उडी मारणारे मूल पाहतो आणि एक तर भाळतो, नाही तर घाबरतो. पण तजवीज म्हणजे पैसाच, असेही नाही. आपल्याहून श्रीमंत नसलेल्या बांगलादेशात गावच्याच तळ्यात बांबूची चौकट बांधून, कमरेएवढ्या पाण्यात, लहान मुला-मुलींना जीव वाचवण्यापुरते पोहणे शिकवतात. आपल्या मराठवाड्यातही पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या पिढ्या झाल्या. तजवीज होती, मोहल्ल्याने ती टाकून दिली आणि बंदी उचलली.

गेल्या उन्हाळ्यात एका मित्राच्या मळ्यातल्या पायऱ्यांच्या विहिरीवर आम्ही सहा मुलगे घेऊन गेलो. प्रत्येकाच्या पालकांशी घरी जाऊन बोललो होतो. शिकवायला भोई वाड्यातलेच एक चाचा होते. दोरी होती, हवा भरलेली ट्यूब होती, काठावर दोन पोहणारी माणसे होती. पाठीला डबा बांधून सर्वांत आधी पाण्यात उतरलो ते आम्ही. मुले हसली. चौथ्या दिवशी चाचांनी डबा काढला तेव्हा आम्ही चार हात मारले आणि पायरी धरली. त्या पायरीवर आम्हाला आमचा तो वर्गमित्र आठवला.

पुढच्या आठवड्यात एका मुलाची अम्मी शाळेत आली. आम्हाला वाटले, जाब विचारायला आली असेल. तशी ती जाब विचारायलाच आली होती. म्हणाली, “सर, लडका तर शिकला. माझ्या मुलीचं काय?”

आमच्या ओठांवर सवयीने तोच शब्द आला होता. आम्ही तो गिळला. बाईंची वेळ, शिकवायला बाई, आडोशाची विहीर, पोशाख, घरच्यांचे होकार. यादी लांब आहे आणि तिच्यातले अजून काहीच जुळलेले नाही. शाळेतल्या एका बाईंनी स्वतः आधी शिकण्याची तयारी दाखवली आहे, एवढेच आज सांगता येईल. जोवर हे जुळत नाही तोवर त्या मुलीला आम्ही ‘नको’च म्हणत आहोत, तोंडाने नाही एवढाच फरक, आणि त्या नकाराची जबाबदारी आता आमच्या नावावर आहे.