स्वस्थ बसा

'स्वस्थ' म्हणजे जो 'स्व'मध्ये, आपल्या ठायी स्थिर आहे तो. ही फोड शाळेतल्या बाईंनी शिकवलेली. महिला कारागृहात स्वास्थ्यावरच्या संशोधनासाठी गेले, तेव्हा पहिल्याच दिवशी मी ती मोठ्या हौसेनं सांगितली. मागून एक जण म्हणाली, "ताई, इथं दिवसातून दहा वेळा सांगतात, स्वस्थ बसा. बसतोच की."

माझ्याकडे जागतिक आरोग्य संघटनेची ५ वाक्यांची प्रश्नावली होती. गेल्या २ आठवड्यांत असं किती वेळा वाटलं, ते सांगायचं, ० ते ५ गुण. 'सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटलं' हे वाक्य वाचलं आणि हशा पिकला. इथं उठतं कोण? उठवतात, मग मोजतात.

प्रश्नावली पिशवीत गेली. सहभागी संशोधन म्हणवायचं तर प्रश्नही त्यांचेच हवेत. मी कोरे कागद वाटले. पहिला प्रश्न आला, 'पुढची तारीख माहीत आहे का?' दुसरा, 'मुलाखतीला शेवटचं कोण आलं होतं?' एकीनं काहीच लिहिलं नाही. आईजवळ मूल ६ वर्षांपर्यंतच ठेवता येतं आणि तिचं साडेपाचचं झालेलं. ती बोटांवर महिने मोजत बसली.

१९३०मध्ये गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना व्रतांविषयी पत्रं लिहिली, तेव्हा तुरुंगाला 'मंदिर' म्हटलं. एके काळी मला हे फार भावायचं. पण तुरुंग आपणहून पत्करला तरच त्याचं मंदिर करता येतं. या बायकांना कुणी विचारलं होतं?

आणि मी तरी काय विचारत होते? संमतीपत्र पुढे केलं की वाचायच्या आधीच "अंगठा कुठं?" जिथं 'नाही' म्हणायची सवय मोडलेली, तिथल्या 'हो'ला संमती म्हणायचं तरी कसं?

तिसऱ्या आठवड्यात बोटं मोजणारीनं निरोप धाडला, "आज येत नाही." मला मनापासून आनंद झाला. शिपाईबाई तिला आणायला निघाल्या, त्यांना मी थांबवलं. बैठक संपता संपता तिची शेजारीण जवळ आली, हळूच म्हणाली, "ती विचारते, नावापुढं शेरा तर नाही ना पडला?"

खात्री पटावी म्हणून मी वही उघडून तिच्यापुढे धरली. तिथं माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'गैरहजर'.