ओवींतील धरित्री आणि दळणारी स्त्री

बारामतीचें नांव काढलें कीं कविताप्रेमी मनुष्यास मोरोपंत आठवतात. १७९४ सालीं ते येथेंच निवर्तले, आणि त्यांच्या आर्यांचा अभ्यास आजवर होत आला आहे. पण पंत कऱ्हेकांठीं आर्या रचीत होते त्याच काळीं घरोघरीं पहाटे जातें फिरत होतें आणि त्यावर ओव्या म्हटल्या जात होत्या. त्या कवयित्रींचीं नांवें कोणास ठाऊक! पुढें साने गुरुजींनीं अशा ओव्या गोळा केल्या. नंतर हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांनीं खेडोपाडीं फिरून लाखाहून अधिक ओव्या टिपून घेतल्या.

ह्या ओव्या वाचण्याची एक नवी दृष्टि आतां आपल्याकडे आली आहे. फ्रान्समधील फ्रान्स्वाज द'ओबोन ह्या बाईंनीं १९७४ सालीं स्त्रीची मुक्ति व सृष्टीचें रक्षण हीं एका सूत्रांत गोंविलीं. भूमि आणि स्त्री ह्या दोघींवर एकाच वृत्तीनें स्वामित्व गाजविलें जातें, हा त्या विचाराचा गाभा. ओव्यांत त्यास आधार पुष्कळ सांपडतो. पाऊस हा घरधनी, जमीन ही त्याची वाट पाहणारी. सीतेचा वनवास तर जात्यावर कधीं संपतच नाहीं; आणि रानांत रडणाऱ्या सीतेचें सांत्वन करतात त्या बोरी-बाभळी. घरच्या माणसांपैकीं कोणी नाहीं.

मात्र येथें एक मोह आहे. स्त्री ही स्वभावतःच सृष्टीच्या जवळ, असें म्हणून आपण प्रसन्न होतों. इंदापूरकडच्या जिराइतांत जिनें डोक्यावर घागर घेऊन वाट तुडविली, तिची पाण्याशीं ओळख स्वभावानें झाली नव्हती. तें काम तिच्यावर टाकलें होतें म्हणून झाली. आमच्या नात्यांतील एका वृद्ध बाईंना मीं मोठ्या उत्साहानें विचारिलें, ‘काकी, पिठाची गिरणी आली आणि ओव्या गेल्या, ह्याचें वाईट नाहीं वाटलें?’ त्या म्हणाल्या, ‘अरे, जातें जड होतें म्हणून ओव्या होत्या.’ मी निरुत्तर झालों.

पाण्याचीही कथा निराळी नाहीं. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा आला, आणि पुढें जिराइताच्या जागीं ऊंस उभा राहिला. १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झालें. भीमेकांठचीं गांवें पाण्याखालीं गेलीं. पळसदेवचें जुनें देऊळ पाणी ओसरलें कीं वर येतें आणि लोक तें पाहावयास जातात. देऊळ वर येतें, पण नदी ओलांडून माहेरीं जाण्याची जी वाट ओव्यांत पुनःपुन्हां येते, ती कोठें वर येते? भूमि पालटली कीं गाण्याचा अर्थही पालटतो, असें सांस्कृतिक परिसराचे अभ्यासक म्हणतात. धरणाचें पाणी ज्यांच्या घरीं नळानें येतें असे आपण त्या वाटेबद्दल हळहळतों, हें मला थोडें अवघड वाटतें.

म्हणून ओवी वाचतांना मी प्रथम तींतील वनश्री शोधीत नाहीं. पाणी किती दूर होतें, दळण किती होतें, शेत कोणाचें होतें, हें विचारतों. शेत बापाचें असतें, भावाचें असतें, धन्याचें असतें. म्हणणारीचें स्वतःचें शेत मात्र मीं वाचलेल्या ओव्यांत मला अजून आढळलें नाहीं.