आठ आणे

बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी लवकर या. एखाद्या झाडाखाली बसा, चपला बाजूला काढून ठेवा. फेऱ्या मारणाऱ्यांना मारू देत. आपल्याला घाई नाही.

डावा हात उघडा. तळहातावर जुना, रंग उडालेला लेदरचा बॉल आहे असं समजा. शिवणीवर दोन बोटं ठेवा. शिवण बोचते, बोचू दे.

हा हात बाळू पालवणकरांचा. जन्म १८७६चा, धारवाडचा. इथून रस्त्यानं पाऊणशे-ऐंशी किलोमीटर. चर्मकार घरातला हा मुलगा पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, नेट बांधायचा. पगार महिना ४ रुपये. साहेबांना सरावासाठी बॉलही टाकायचा, डावखुरी फिरकी. त्या साहेबांतला कॅप्टन ग्रेग बाद झाला की ८ आणे द्यायचा, असं सांगतात. म्हणजे ग्रेगला आठदा उडवला की महिन्याचा पगार सुटला. हिशोब करताना हसू येतं. येऊ दे.

मग हे आठवा: शेकडो तास बॉल टाकूनही नेटमध्ये बाळूंच्या हाती एकदाही बॅट दिली गेली नाही.

इथं जरा थांबा. समोर पोरं टेनिस बॉलवर खेळताहेत. त्यांच्यातल्या एखाद्याची बॅटिंग बुडाली तर भांडण आठवडाभर पुरतं. बाळूंनी कुणाशी भांडायचं होतं?

सावकाश श्वास सोडा.

पुढं पुण्याच्या हिंदू क्लबानं त्यांना संघात घेतलं. युरोपियनांना हरवायचं होतं ना! बाळूंनी टाकलेला बॉल ब्राह्मण खेळाडू झेलायचे, हाताळायचे, परत त्यांच्याकडे फेकायचे. चहाची वेळ झाली की बाळू मात्र पॅव्हेलियनच्या बाहेर, हातात वापरून फेकायचं मातीचं भांडं. बॉलला विटाळ नव्हता, कपाला होता. डोळे मिटून ते भांडं धरा. कडा खरखरीत लागतात. आत तोच चहा, जो आतल्यांच्या कपात आहे.

मन पळेल, हिंदू संघानं युरोपियनांना हरवलं त्या १९०६च्या विजयाकडे, टाळ्यांकडे. ओढून परत या भांड्यापाशी आणा.

आता मूठ मिटा. १९११ साली, पस्तिशीत, बाळू पटियाळाच्या महाराजांच्या संघातून इंग्लंडला गेले आणि त्या दौऱ्यात ११४ बळी घेऊन आले. हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांच्याकडे कधीच आलं नाही. १९२३ साली ते त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं.