दार कोणासाठी?

घराची डागडुजी निघाली की सर्वांत अधिक खल होतो तो दर्शनी दारावर. स्वयंपाकघराच्या ओट्याला कडाप्पा की ग्रॅनाइट, हे गृहिणी दोन दिवसांत ठरवून मोकळी होते. दाराचा प्रश्न मात्र महिनाभर रेंगाळतो. सागवान परवडत नाही, फ्लशचा दरवाजा पावसाळ्यात फुगतो, लोखंडी दार आमच्या वसईच्या खाऱ्या वाऱ्याने गंजते आणि फायबरचे दार म्हणे न्हाणीघराचे वाटते. हे सर्व विचार रास्त आहेत. परंतु हे दार आपण कोणासाठी बसवीत आहोत, हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच निघतो. आम्हांला तो सुतारकामाहून अधिक नीतीचा वाटतो.

असे म्हटले की वडीलधारी मंडळी जुन्या घरांची आठवण काढतात. दोन फळ्यांचे जाड दार, कडी-कोयंडा, आतून अडसर. आणि तो अडसरही फक्त रात्री, दिवसभर घर उघडे! हे खरे आहे. पण ते दार उघडे होते ते कोणाला? शेतावर राबणारा आदिवासी मजूर अनेक घरांत त्याच उघड्या दारासमोर, अंगणात उकिडवा बसून, निराळ्या कपातून चहा पीत असे. उंबरठा त्याच्यासाठी नव्हता. तेव्हा दार उघडे असले म्हणजे घर उघडे असते, असा हिशेब आम्ही तरी मांडणार नाही.

उलट, दार बंद करणे हाही माणसाचा हक्क आहे. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात एक लहानसा नियम आहे. उसने देणाऱ्याने गहाण घेण्यासाठी ऋणकोच्या घरात शिरू नये. त्याने बाहेर उभे राहावे आणि ऋणकोने ती वस्तू बाहेर आणून द्यावी. किती सूक्ष्म विचार आहे हा! कर्ज बुडत नाही, गहाणही चुकत नाही. पण गरिबाच्या चुलीपर्यंत जाऊन त्याची भांडी धुंडाळण्याचा अधिकार सावकाराला मिळत नाही. दाराने त्या गरिबाची अब्रू राखली. म्हणूनच मुले कॅनडात आणि आखातात, घरी दोघेच म्हातारे, अशा कुटुंबाने दुहेरी दरवाजा मागितला तर त्याला भित्रेपणा म्हणणे आम्हांला अन्यायाचे वाटते.

मग दोष कोठे सुरू होतो? लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंत मनुष्य आठवावा. त्याने लाजरसाला हाकलले, मारले, असे कथेत कोठेही नाही. लाजरस त्याच्या दाराशी पडून होता, एवढेच आहे. धन्याला जाता-येता तो दिसत असणारच. पण दिसण्याने काही घडले नाही.

या दृष्टीने दोन साध्या वस्तूंची तुलना करावीशी वाटते. जाळीच्या सेफ्टी दरवाजामागचे लाकडी दार उघडले की आतला बाहेरच्याला आणि बाहेरचा आतल्याला पाहतो. दारातल्या भिंगातून मात्र फक्त आतला पाहतो. आता तर घंटीलाच कॅमेरा असतो आणि बाहेर कोण उभे आहे ते कामावरच्या चिरंजिवांना मोबाइलवर दिसते. कुटुंबभेटीला जाणाऱ्या धर्मगुरूंना एक आवाज चांगला परिचयाचा असतो: पावले दाराशी येतात, क्षणभर थांबतात आणि हलकेच मागे फिरतात. आमचे ठीक आहे, आम्ही पुढच्या घरी जातो. पण औषधाची चिठ्ठी घेऊन आलेल्या बाईला ती मागे फिरणारी पावले काय सांगत असतील? एकट्या स्त्रीने भिंग जरूर बसवावे. आमचे म्हणणे इतकेच, की पाहिल्यानंतर बोलावे. दार न उघडताही ‘आज जमणार नाही’ असे सांगता येते. तो नकार असतो, पण निदान माणसाने माणसाला दिलेला असतो.

राहता राहिले माप. दर्शनी दारातून नवरी येते, फ्रिज येतो, कपाट येते. त्यांचा विचार सगळे करतात. त्याच दारातून एके दिवशी चाकांची खुर्ची जायची असते आणि अखेरीस शवपेटीही, याचा उच्चार अशुभ समजून टाळला जातो. अरुंद दारातून पेटी तिरकी करून काढताना खांदेकऱ्यांची आणि घरच्यांची जी अवस्था होते, ती पाहिलेल्यांना अधिक सांगायला नको. अपंगांच्या सोयीसाठी राष्ट्रीय बांधकाम संहितेने दाराची मोकळी रुंदी निदान ९० सेंटिमीटर धरली आहे. आपली तीन फुटी चौकट बाहेरून मोजलेली असते. दोन्ही बाजूंचे लाकूड वजा जाता आत जेमतेम अडीच फुटांहून थोडी अधिक जागा उरते. तेव्हा सुताराला आतले मोकळे माप सांगावे, उंबरठा चाक चढेल इतकाच ठेवावा, आणि घंटीचे बटण बसल्या माणसाच्या हाताला येईल अशा उंचीवर लावून घ्यावे. खर्च फारसा वाढत नाही.