पाइकाचा प्रपंच



तीन वर्षांपूर्वी लोणंदच्या मुक्कामात आमच्या दिंडीतली कीर्तनसेवा माझ्याकडे होती. विषय स्वधर्माचा घेतला. ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात माउली स्वधर्मालाच नित्य यज्ञ म्हणतात, तिथून सुरुवात केली. दृष्टांतासाठी लांब जावे लागले नाही. समोरच आमचे सुभेदार टाळ घेऊन उभे होते. १९७६ साली पायदळात भरती झाले, २००४ साली पेन्शनवर आले. त्यांच्याकडे हात करून मी म्हणालो, या गृहस्थाने बर्फात पहारा केला ती याची पूजा आणि महिन्याच्या महिन्याला घरी मनीऑर्डर धाडली तो याचा प्रपंच. दोन्ही साधले! मंडळींनी गजर केला. मलाही बरे वाटले, खोटे कशाला बोलू.

रात्री पंगत उठल्यावर सुभेदारांच्या कारभारीण भांडी गोळा करत होत्या. मला बघून थांबल्या. म्हणाल्या, “महाराज, पूजा त्यांनी केली, त्याला माझी ना नाही. पण फुलं माझ्या परसातली गेली.” एवढे बोलून त्या टँकरकडे भांडी घासायला गेल्या.

ते वाक्य माझ्या मागे लागले आहे. एका माणसाचा स्वधर्म दुसऱ्याच्या जिवावर उभा राहत असेल, तर त्याचे पुण्य कोणाच्या नावे मांडायचे? आणि पुण्याचे राहू द्या, देणे कोणाच्या नावे?

सुभेदारांनी हा हिशेब माझ्याही आधी घातला होता. पुढच्या वाटेवर, तरडगावच्या अलीकडे, चालता चालता त्यांनी तो मला सांगितला. फौजेत वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि ३० दिवस किरकोळ रजा. लग्न झाले १९८२ साली. नोकरी उरली २२ वर्षे. सगळी रजा पदरात पडली असे धरले, तरी घरी राहणे होते जेमतेम साडेपाच वर्षांचे. “आणि सगळी कधी मिळते का?” ते म्हणाले. “दोन पोरं, एक मुलगी. साडेपाच वर्षांत मी तिघांचा बाप झालो. पास झालो का नाही, ते त्यांना विचारा.”

कुटुंब ठेवता येईल अशा ठिकाणी बदली दोनदा झाली होती. एकदा क्वार्टरही मिळाले. पण त्याच वर्षी वडिलांना अर्धांगवायू झाला आणि कारभारीण गावीच थांबल्या. थांबायला कोणी सांगितले? “मीच,” सुभेदार म्हणाले. “हुकूम फौजेचा नव्हता, माझा होता.” वडील गेल्याची तार पोचून, रजा मंजूर होऊन ते घरी आले तेव्हा दहावा होऊन गेला होता. अग्नी धाकट्या भावाने दिला होता. सासऱ्याचे हगणे-मुतणे चार वर्षे सुनेने काढले होते.

पत्रावर पत्ता असायचा तो ५६ एपीओ. त्यावरून ठिकाण कळत नसे. बाई म्हणायच्या, पंढरपूर कुठं आहे ते मला ठाऊक आहे, नवरा कुठं आहे ते नाही. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली मजकुरासाठी कोरी जागा असे, तिथे दर महिन्याला ठरलेला प्रश्न असायचा: पोरे किती वाढली? रजेवर आले की सुभेदार पोरांना स्वयंपाकघराच्या चौकटीला उभे करून डोक्याच्या वर सुरीने रेघ ओढत. मी ती चौकट पाहिली आहे. रेघा वीत-वीत अंतरावर आहेत. मधली वाढ कोणाच्या समोर झाली, ते चौकट बघणाऱ्याला कळते.

माळेचेही असेच. भरतीला निघताना गळ्यात माळ नव्हती. आई म्हणाली, तुझी एकादशी मी धरते. तिने ती मरेपर्यंत धरली, पुढे सुनेने धरली. म्हणजे या घरात सुभेदारांचा उपवासही बायकांच्याच पोटाने केला. (लढाईत माणूस मारला का, हे त्यांना दिंडीत दरवर्षी कोणी तरी पोरगा विचारतोच. ते म्हणतात, हुकूम पाळला, हिशेब विठोबाकडं आहे. तो प्रश्न मोठा आहे. पण त्यांना झोप येऊ देत नाही तो प्रश्न वेगळा आहे.)

आपल्या संप्रदायाला फौजी माणूस नवा नाही. एकनाथ महाराजांचे सद्गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार. स्वामी समाधीत असताना शत्रू चालून आला आणि नाथांनीच त्यांचे चिलखत चढवून किल्ला राखला, अशी कथा आपण ऐकत आलो. तुकोबांच्या गाथेत पाइकाचे अभंग आहेत. आणि आज ज्या शिस्तीने माउलींच्या रथापुढे आणि रथामागे दिंड्या चालतात, ती घालून देणारे हैबतबाबा आरफळकर हे ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरचे सरदार. सातपुड्यात भिल्लांनी धरले, हरिपाठाच्या बळावर सुटले, आणि सुटल्यावर गावाकडे, आरफळला न जाता आळंदीला आले, असे सांगतात. १८३२ च्या सुमारास सोहळ्याला त्यांनी आजचे रूप दिले. त्यांची पायरी महाद्वारात आहे. तिचे दर्शन घेऊन आपण आत जातो.

मीही जातो. पण त्या रात्रीपासून पायरीवर डोके ठेवताना मला आरफळच्या घराची आठवण येते. तिथे कोणी वाट पाहत होते का? पोथ्या त्याविषयी बोलत नाहीत. हैबतबाबांचा अधिकार मोठा, त्यांना माप लावणारा मी कोण. मात्र त्यांची उपमा घरी न जाणाऱ्या प्रत्येकाला आपण फार स्वस्तात देतो, एवढे मला कळले आहे.

सुभेदारांनी पेन्शनवर आल्यावर वारी करीन असा नवस बोलला होता. २००४ च्या ज्येष्ठात पिशवी भरून तयार झाले. कारभारीण म्हणाल्या, “आता तरी घरी थांबा.” सुभेदारांनी पिशवी खुंटीला लावली. ते चार वर्षे वारीला आले नाहीत. पुण्यात रखवालीची नोकरी मिळत होती, तीही घेतली नाही. म्हशीची धार काढली, बाईंच्या गुडघ्याला तेल लावले, थोरल्याशी रोज भांडले. थोरला बोलायचा कमी. एकदा म्हणाला, तुम्ही चिठ्ठीत बरे होता. सुभेदारांनी ते ऐकून घेतले. उलट उत्तर दिले नाही, हे मला त्यांच्या सगळ्या पहाऱ्यांपेक्षा अवघड वाटते.

आमच्यातल्या एका ज्येष्ठ वारकऱ्याने तेव्हा त्यांना बोल लावला होता, की देवाला दिलेला शब्द मोडला. मीही मान हलवली होती. आज हलवणार नाही. आईबापाच्या सेवेसाठी पुंडलिकाने देवाला विटेवर उभे केले, हे आपण रोज सांगतो. बायकोच्या एका शब्दासाठी कोणी चार वर्षे थांबवले तर मात्र आपल्याला तो संसाराचा मोह वाटतो.

पाचव्या वर्षी बाईच म्हणाल्या, चला. तेव्हापासून दोघे येतात. त्या पुढे तुळस घेऊन, ते मागे दोन पिशव्या घेऊन.

मुक्कामी समाजआरतीला चोपदारांचा दंड वर गेला की सगळे टाळ गप्प होतात, हे तुम्ही पाहिले आहे. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. चोपदार तिथे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, मगच आरती. लाखांचा समाज एका दिंडीसाठी खोळंबतो आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. माझ्या त्या कीर्तनात मी आरती आधीच उरकली होती. बाईंचे टाळ वाजत होते ते मला पंगत उठल्यावर ऐकू आले.

देणे फिटले का, असे मी सुभेदारांना विचारले होते. ते म्हणाले, “फिटायचं कसलं? हप्ता चालू आहे.” आता चौकटीवर नातवाच्या रेघा आहेत, बोटा-बोटाच्या अंतरावर. पण त्याने थोरल्याच्या रेघांमधली जागा भरत नाही, हे त्यांनीच मला सांगितले.

यंदा लोणंदला पुन्हा तोच दृष्टांत सांगितला, बाईंच्या वाक्यासकट. आधी त्यांना विचारून. बायामाणसांत हसू फुटले, मागे कोणी तरी डोळ्याला पदर लावला. बाई तुळस मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सुभेदार खाली मान घालून टाळाच्या दोरीची गाठ सोडवत होते.