निक्षेप आणि ऋण

गेल्या श्रावणात आमचे एक जुने अशील, कचेरी बंद करण्याच्या वेळेस, आमच्याकडे आले. अंत्रुज महालातील एका देवस्थानाचे ते महाजन. घराणे सचोटीचे, बोलणे मोजके. देवस्थानच्या जमिनीचे एखादे प्रकरण असावे असे आम्हांस वाटले. त्यांनी मात्र पिशवीतून एक छापील संमतिपत्र काढून आमच्यापुढे सरकवले. त्यांची मुलगी बंगळुरूस नोकरीला आहे. वय बत्तीस, विवाह अद्याप जुळलेला नाही. आपली स्त्रीबीजे काढून ती गोठवून ठेवण्याचे तिने ठरवले होते आणि तो कागद वडिलांकडे वाचावयास पाठवला होता. गृहस्थांनी आवाज उतरवून विचारले, ‘‘वकीलबाब, उद्या हिचे लग्न झाले तर या बीजांवर जावयाचा हक्क पोचतो का? आणि लग्नाआधी हे असले करणे धर्माला धरून आहे का?’’

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तिथल्या तिथे दिले. दुसऱ्याचे उत्तर आम्हांस तत्काळ सुचले नाही. तो प्रश्न आता एकट्या त्या घराचा राहिलेला नाही, म्हणून त्यावर आम्ही जो विचार केला तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या शरीरात दहा ते वीस लाख बीजे असतात. ती वयात येईतो तीन-चार लाख उरतात, आणि सबंध आयुष्यात परिपक्व होऊन बाहेर पडणारी बीजे सुमारे चारशेच. पस्तिशीनंतर त्यांची संख्या व कस दोन्ही वेगाने उतरतात. पुरुषाच्या बाबतीत निसर्गाने इतकी कडक मुदत घातलेली नाही. बीज काढण्यासाठी स्त्रीला दहा-बारा दिवस संप्रेरकांची इंजेक्शने घ्यावी लागतात. मग भूल देऊन सुईने बीजे काढतात आणि उणे १९६ अंश तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनात ठेवतात. गोठवलेल्या बीजापासून पहिला जन्म १९८६ साली ऑस्ट्रेलियात झाला. त्याच वर्षी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून नळीतील गर्भधारणेचे बालक जन्मास आले. पुढे बीज क्षणार्धात काचेसारखे थिजवण्याची रीत निघाली, बर्फाच्या कणांनी होणारी हानी टळली, आणि २०१२ साली अमेरिकेतील प्रजननवैद्यांच्या संस्थेने या उपचारावरील ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढला. तथापि गोठवलेले प्रत्येक बीज वितळल्यावर जगतेच असे नाही, जगलेले प्रत्येक फळतेच असेही नाही. बीज कोणत्या वयात काढले यावर बहुतेक सारे अवलंबून असते.

आता धर्माचा प्रश्न. सोळा संस्कारांतील पहिला संस्कार गर्भाधान. गोठवलेले बीज त्याही अलीकडचे. त्यास अद्याप पुरुषबीजाचा स्पर्शच नाही. ते गर्भ नव्हे, म्हणून ते टाकून दिले तर भ्रूणहत्येचा प्रश्न उद्‌भवत नाही, आणि ते ठेवल्याने कुमारिकेच्या शीलास बाध येण्याचे काही कारण आम्हांस दिसत नाही. कर्करोगाची औषधे वा किरणोपचार सुरू होण्यापूर्वी तरुण मुलीची बीजे काढून ठेवतात, तेव्हा आपण त्या वैद्यास दुवाच देतो. मग कृती तीच असताना व्याधीच्या भयाने केली तर पुण्य आणि वयाच्या भयाने केली तर पाप, हा न्याय टिकणारा नाही.

येथे कोणी आदिपर्वातील गांधारीची कथा काढतील आणि हे सारे आमच्या पूर्वजांस ठाऊक होते असे अभिमानाने सांगतील. त्या कथेतून विज्ञान काढण्याचा मोह आम्हांस नाही. नीती मात्र तीत आहे. दोन वर्षे गर्भ वाहणाऱ्या गांधारीने कुंतीस पुत्र झाल्याची वार्ता ऐकली आणि तिने आपल्याच उदरावर आघात केला. पुढे व्यासांनी त्या मांसपिंडाचे भाग तुपाच्या कुंभांत ठेवविले, हा भाग सर्वांच्या ध्यानात राहतो. पण तो आघात कशामुळे झाला हे आपण विसरतो. जावेच्या पाळण्याशी केलेली तुलना तिला सोसवली नाही. लग्नाच्या मांडवात, देवळाच्या सभामंडपात, हळदीकुंकवाच्या बैठकीत ‘अजून काही नाही का?’ म्हणून विचारणारे आपण सगळे त्या आघाताचे वाटेकरी असतो.

मनूने व्यवहाराची अठरा पदे सांगितली. त्यांत पहिले ऋणादान आणि दुसरे निक्षेप, म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या हाती दिलेली ठेव. गोठवलेले बीज हा निक्षेप आहे, हे उघड दिसते. निक्षेपाचा धर्म साधा आहे: ज्याने ठेवले त्याला, जसे ठेवले तसे परत द्यावे, ठेवून घेणाऱ्याने त्याचा उपभोग घेऊ नये. २०२१ साली संमत होऊन २०२२ च्या जानेवारीत अमलात आलेला सहाय्यक जननतंत्रज्ञानाचा केंद्रीय कायदाही याच वाटेने जातो. बीज गोठवण्यास लेखी संमती हवी. ठेवणारी व्यक्ती मरण पावली वा असमर्थ झाली तर बीजाचे काय करावे हेही आधीच लिहून घ्यावे. मानवी बीजाची विक्री हा अपराध. अविवाहित स्त्रीलाही या कायद्याने दार उघडे आहे. केवळ तिच्या बीजावर सत्ता तिची एकटीची, जशी स्त्रीधनावर असते. पतीच्या संमतीचा प्रश्न त्याचे बीज मिळून गर्भ तयार करावयाच्या वेळी येतो, त्याआधी नाही.

निक्षेपाचे आणखी एक कलम मनूने घातले आहे. राखणाराने स्वतः काही घेतले नसेल आणि ठेव चोराने नेली, पाण्यात गेली वा अग्नीत जळाली, तर त्याच्यावर भरपाई नाही. आजचा न्याय इतका सौम्य नाही. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंड आणि सॅन फ्रान्सिस्को येथील साठवणीच्या टाक्या बिघडल्या आणि हजारो बीजे व गर्भ संकटात सापडले. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रकरणात २०२१ साली ज्यूरीने पाच व्यक्तींना सुमारे दीड कोटी डॉलरची भरपाई ठरवली. पैसा देता आला, कारण न्यायालयाला दुसरे काही देताच येत नाही. ज्या स्त्रीचे वय मधल्या काळात उलटून गेले, तिला तिची ठेव कोण परत देणार? म्हणून बीज ठेवणारीने हे पक्के जाणावे की राखणारा बीज राखतो, तिचे वय राखत नाही. आणि अपत्याची हमी तर कोणीच देत नाही. जो वैद्य या ठेवीला विमा म्हणून विकतो तो सत्य बोलत नाही.

इथवर निक्षेपाचे झाले. खरी गुंतागुंत पहिल्या पदात, म्हणजे ऋणात आहे. आपल्याकडे अपत्य हे पितृऋणाची फेड मानले गेले. ते ऋण शास्त्राने सांगितले पुरुषाला. वसुली मात्र होते स्त्रीकडून. तारखा मोजल्या जातात तिच्या, औषधे घेते ती, आणि आता सुयाही तिच्याच अंगी. बीज गोठवणाऱ्या मुली नोकरीच्या लोभाने मातृत्व लांबवतात, असा समज रूढ आहे. येल विद्यापीठातील मानववंशशास्त्रज्ञ मार्सिया इनहॉर्न यांनी अमेरिकेतील दीडशेहून अधिक स्त्रियांशी बोलून २०२३ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचा निष्कर्ष वेगळा आहे: बहुतेकींना अनुरूप, जबाबदारी घेणारा जोडीदारच मिळाला नव्हता. आमच्या अशिलाच्या मुलीचीही कथा हीच. एका स्थळाला तिचा पगार जास्त वाटला, एकाला तिने बंगळुरू सोडावेसे वाटले, एकाची पत्रिका जुळली नाही. वाट पाहण्याचा निर्णय तिने एकटीने घेतलाच नव्हता. तो आम्ही सर्वांनी मिळून तिच्यावर घातला.

याला दुसरी बाजू नाही असे नव्हे. २०१४ साली फेसबुक व ॲपल या कंपन्यांनी बीज गोठवण्याचा खर्च उचलण्याचे जाहीर केले, तेव्हा पुष्कळांनी त्यास औदार्य म्हटले. पण मालकाने देऊ केलेली सवलत पाहता पाहता अपेक्षा होते. सोय आहे तर आत्ताच मूल कशाला, असे कोणी उघड म्हणणार नाही. बढतीच्या वेळी मात्र ते मनात येईल. प्रसूतीची रजा, कचेरीजवळ पाळणाघर, रात्री उठणारा बाप या गोष्टी महाग पडतात म्हणून बीजांची टाकी स्वस्त ठरत असेल, तर ते स्त्रीचे स्वातंत्र्य नव्हे.

आणि ज्याचा आवाज या व्यवहारात कोठेच नाही त्या बालकाचाही विचार झाला पाहिजे. आईबापांच्या उतारवयात जन्मणाऱ्या मुलाला त्यांच्या हातचे दिवस थोडे मिळतात. कायद्याने या उपचारांस स्त्रीसाठी पन्नास आणि पुरुषासाठी पंचावन्न वर्षांची वरची मर्यादा घातली आहे, ती आम्हांस योग्य वाटते. विशेषतः साठीत बाप होणाऱ्या पुरुषाचे कौतुक करणाऱ्या समाजात ती पुरुषालाही लागू आहे, म्हणून. आमच्यापुढील संमतिपत्रात साठवणीची मुदत दहा वर्षांची होती. ठेवीला मुदत असणे चांगलेच. ती मुदत तिच्याप्रमाणेच तिच्या भोवतालच्यांनीही ध्यानात ठेवावी.

तात्पर्य, स्त्रीबीज गोठवणे हे अधर्म्य नाही. आणि ते मातृत्वाची फेड पुढे ढकलण्याचा दस्तऐवजही नाही. स्त्रीने ते आपल्या इच्छेने, पूर्ण जाणून केले तर तो तिचा निक्षेप. त्यात ढवळाढवळ करण्याचा अधिकार बापाला नाही, भावी पतीला नाही, समाजाला नाही. पण तिने तो आमच्या उणिवा झाकण्यासाठी केला असेल, तर ऋणको ती नव्हे, आम्ही आहोत. आणि ते ऋण द्रवरूप नायट्रोजनात ठेवून फिटणारे नाही.

गृहस्थांना आम्ही एवढेच सांगितले की सही तिची एकटीची पुरे. मृत्यूविषयीचे कलम, भाडे थकल्यास काय, आणि रुग्णालय बंद पडल्यास बीजे कोठे जाणार, ही तीन कलमे तिने दोनदा वाचावीत. ते उठले, दारापर्यंत गेले आणि थांबून म्हणाले, ‘‘देवीला प्रसाद लावून विचारू का?’’ आम्ही म्हटले, ‘‘अवश्य विचारा. पण आधी मुलीला विचारा, तिला सोबत कोण हवे आहे.’’

दिवाळीनंतर ते पुन्हा भेटले, या वेळी खरोखरच जमिनीच्या कामासाठी. बोलता बोलता त्यांनी सांगितले की ते बंगळुरूस जाऊन आले. बीजे काढली त्या दिवशी ते रुग्णालयाच्या बाकावर सकाळपासून बसून होते. घरी कोणाला सांगितले का, असे आम्ही विचारले. ‘‘सगळ्यांना,’’ ते म्हणाले, आणि जमिनीचे कागद त्यांनी टेबलावर मांडले.